पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या जोडीदाराविषयी

प्रति,
महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रम समित्यांचे सदस्य यांस

विषय : वेस्टर्न चित्रपटांतील बंदूकबाजांची मैत्री आणि ती दाखवण्याची आपली पद्धत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

एका सहकारी बँकेत ३३ वर्षे रोखपाल म्हणून काढून मी आता निवृत्त झालो आहे. त्याहून थोडी कमी वर्षे मी एका फिल्म सोसायटीचा सभासद आहे, वर्गणी वेळेवर भरणारा आणि चर्चेत सहसा तोंड न उघडणारा. हे पत्र कोणा एका सोसायटीविरुद्धची तक्रार नाही. जे आमच्याकडे घडले ते थोड्याफार फरकाने इतर गावांतही घडत असल्याचे तिथल्या स्नेह्यांकडून ऐकतो, म्हणून सर्वांना मिळून लिहितो आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे काऊबॉयपटांचा तीन संध्याकाळींचा छोटा महोत्सव झाला. पत्रिकेवर घोडा, धूळ आणि पिस्तूल ही ठरलेली चित्रे होती आणि त्यांच्याखाली ‘थरार, सूड, हाणामारी’ असे तीन शब्द. दुसऱ्या संध्याकाळी सॅम पेकिन्पाचा १९६२ सालचा ‘राइड द हाय कंट्री’ होता. हा चित्रपट सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक रुंद चौकटीत चित्रित झालेला आहे. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या मुलाने चित्र मोठे करून पडदा भरून टाकला. २.३५ रुंदीचे चित्र १.७८ रुंदीच्या पडद्यावर असे कोंबले की त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा दोन्ही कडांना गळून पडतो. शेवटच्या प्रसंगात दोन म्हातारे मित्र शेजारी शेजारी चालत बंदूकधारी भावांना सामोरे जातात, तेव्हा आमच्या पडद्यावर कधी एकाचा खांदा कापला जात होता, तर कधी दुसरा अख्खाच्या अख्खा भिंतीत गेलेला होता. मी उठून त्या मुलाला सांगितले. “काका, पट्ट्या दिसल्या की लोक ओरडतात,” असे त्याने उत्तर दिले, आणि ते खोटे नसावे.

नंतरच्या चर्चेत एका तरुण सभासदाने माइक घेऊन म्हटले, “या दोघांचं एकमेकांवर जरा जास्तच होतं, नाही का?” सभागृह हसले. सूत्रसंचालकही हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ज्या चित्रपटाचा सारा जीव दोन माणसांनी शेजारी शेजारी उभे राहण्यात आहे, त्यातला एक माणूस आधी यंत्राने कापला आणि उरलेला आपण हसण्यावारी नेला, असे मला त्या रात्री घरी जाताना वाटत राहिले. ते अजूनही वाटते आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या चित्रपटात काय आहे ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टीव्ह जड (जोएल मॅक्रे) हा एकेकाळचा नावाजलेला मार्शल, म्हणजे गावाचा कायदा राखणारा अधिकारी, आता उतारवयात पडेल ते काम करतो आहे. डोंगरातल्या खाणवस्तीवरून सोने खाली बँकेत आणण्याचे काम त्याला मिळते. करार वाचायला चष्मा लागतो, हे बँकवाल्यांना कळू नये म्हणून तो कागद घेऊन स्वच्छतागृहात जातो, दार लावतो आणि मग खिशातून चष्मा काढतो. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कडेला विरलेल्या आहेत आणि त्या दिसू नयेत म्हणूनही त्याची धडपड चालते. रोखपालाच्या खिडकीतून मी अशी माणसे पुष्कळ पाहिली आहेत. पेन्शनच्या चिठ्ठीवरचा आकडा दिसत नसताना ‘हो, बरोबर आहे’ म्हणणारे हात मला ओळखू येतात. मदतीला जड आपल्या जुन्या जोडीदाराला, गिल वेस्ट्रमला (रँडॉल्फ स्कॉट) बरोबर घेतो. हा गिल जत्रेत खोटी दाढी लावून नेमबाजीचा तंबू चालवतो आहे, आणि सोने वाटेतच लंपास करायचे हे त्याने मनाशी आधीच ठरवलेले आहे.

वाटेवर गिल सतत जुन्या दिवसांच्या गोष्टी काढतो. तुला काय मिळाले, मला काय मिळाले, आपण ज्यांच्यासाठी गोळ्या खाल्ल्या त्यांनी आपल्याला काय दिले, असे तो विचारतो. वरवर पाहता या म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत, पण प्रत्यक्षात तो मित्राला चोरीत सामील होण्याचे आमंत्रण देतो आहे आणि जडला ते कळते आहे. मैत्रीतला असा संवाद मला इतर चित्रपटांत क्वचित सापडला आहे. दोघेही विषयाचे नाव घेत नाहीत आणि दोघांनाही विषय ठाऊक आहे. चोरी उघडी पडते तेव्हा जड मित्राचे हात बांधतो. गिल रात्री निसटतो. पळून जायला वाट मोकळी असताना, पुढे जड त्या तीन भावांच्या गोळीबारात सापडल्यावर, तोच गिल घोडा दौडवत परत येतो. मग दोघे ठरवतात की नेहमीसारखे, उघड्यावर, समोरासमोर जायचे. जड पडतो. मरताना तो गिलला सांगतो की बरोबरच्या तरुण पोरांनी हे पाहू नये. सोने मी पोचवीन, तू पोचवले असतेस तसेच, असे गिल म्हणतो. ते मला ठाऊकच होते, तू मध्यंतरी थोडा विसरला होतास एवढेच, असे जडचे उत्तर आहे. पुन्हा भेटू, एवढे बोलून गिल त्याला त्याच्या इच्छेप्रमाणे एकटे सोडून जातो. जड एकदा मागच्या डोंगराकडे वळून पाहतो आणि चौकटीच्या खाली कलंडतो.

मिठी नाही, अश्रू नाहीत, ‘तू माझा जिवलग’ असे वाक्य नाही. माफीसुद्धा मागितलेली नाही. ती एका कामाच्या हवाल्यात दिली गेली आहे आणि तशीच घेतली गेली आहे. रँडॉल्फ स्कॉटचा हा शेवटचा चित्रपट ठरला. त्याआधीची कित्येक वर्षे तो पडद्यावर सरळ, सज्जन नायक म्हणूनच वावरला होता. घसरलेल्या आणि परत आलेल्या मित्राची भूमिका त्याने निवृत्तीच्या तोंडावर केली, यातही मला काहीतरी शोभून दिसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की वेस्टर्नमधली मैत्री कामातून घडलेली असते आणि कामातूनच व्यक्त होते. ती शब्दांत किंवा गाण्यांत शोधायला गेले तर सापडत नाही, आणि मग प्रेक्षक हसतात. ती हातांत शोधावी लागते.

यामागे साधे यंत्रशास्त्रही आहे. त्या काळातले प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हर, १८७३ चे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, सहा घरांचे असे. पिस्तुलाच्या घोड्याखालचे, म्हणजे हॅमरखालचे, घर रिकामे ठेवण्याची सावध माणसांची रीत होती, कारण धक्का लागून गोळी सुटण्याची भीती असे. म्हणजे हातात पाचच गोळ्या. त्या संपल्या की उजव्या अंगाचे छोटे झाकण उघडायचे, दांडीने एकेक रिकामे काडतूस मागे ढकलून काढायचे, एकेक नवे आत सरकवायचे आणि दर वेळी चक्र एक घर फिरवायचे. एवढा वेळ माणसाचे दोन्ही हात आणि नजर त्या झाकणात गुंतलेली असते. समोरचा काही थांबलेला नसतो. त्या वेळात आपल्या जागी नजर ठेवून गोळ्या चालवणारा कोणी असेल तर माणूस जगतो, नसेल तर मरतो. बंदूकबाजांच्या जोड्या केवळ भावनेने जमत नाहीत, त्या या हिशेबाने जमतात, आणि मग त्या हिशेबावर हळूहळू भावना चढते. उलटा क्रम फारसा दिसत नाही.

या नात्याला मराठीत शब्द कोणता लावायचा, हा प्रश्न आपली टिपणे वाचताना मला नेहमी पडतो. ‘पार्टनर’ हा शब्द या चित्रपटांत पावलोपावली येतो. ‘भागीदार’ म्हटले की भागीदारीचा करारनामा आणि आयकराचे विवरणपत्र डोळ्यांपुढे येते. ‘जोडीदार’ आता विवाहमंडळांच्या जाहिरातींत गेला आहे. ‘साथीदार’ तर वर्तमानपत्रांनी पार बिघडवला आहे, तो फक्त फरार होण्यासाठी उरला आहे. मला जवळचा वाटतो तो ‘पाठराखण’ हा शब्द. नवी नवरी सासरी जाताना तिच्यासोबत धाकटी बहीण किंवा कोणी मुलगी पाठराखीण म्हणून जात असे, अनोळखी घरात पहिले काही दिवस आपले माणूस मागे असावे म्हणून. या चित्रपटांत मित्र नेमके तेच करतो. तो सहसा बरोबरीने पुढे जात नाही. आपल्याला ज्या दिशेला डोळे नाहीत तिथे तो उभा असतो. टिपणात हा शब्द एकदा वापरून पाहावा अशी माझी विनंती आहे.

हॉवर्ड हॉक्सच्या १९५९ मधल्या ‘रिओ ब्राव्हो’त ही पाठराखण तंबाखूच्या चिमटीत येऊन बसली आहे. डीन मार्टिनने केलेला ड्यूड हा दारूने बरबाद झालेला मदतनीस शेरीफ आहे. त्याचे हात इतके थरथरतात की सिगारेट वळायला घेतली तर कागदातली तंबाखू सांडते. जॉन वेनचा शेरीफ चान्स त्याला एकदाही ‘तुला जमेल’ असे म्हणत नाही. तो बोलता बोलता, दुसरीकडे पाहत, एक सिगारेट वळतो आणि पुढे करतो. दुबळा झालेला माणूस मदत घेताना सगळ्यात जास्त कशाला घाबरतो तर समोरच्याच्या चेहऱ्याला. चान्स त्याला तो चेहरा दाखवतच नाही. ड्यूडने दारूपायी विकलेली पिस्तुले चान्सने मागेच सोडवून ठेवलेली असतात, आणि ती परत देण्याचा प्रसंगसुद्धा दप्तरातली वस्तू परत केल्यासारखा कोरडा आहे. पुढे एका क्षणी ड्यूड भरलेला पेला उचलतो आणि ओठांना न लावता पुन्हा बाटलीत ओततो. एक थेंब सांडत नाही. प्रेक्षकाला कळते, ड्यूडला कळते, आणि चान्सला कळले हेही आपल्याला कळते.

जॉर्ज रॉय हिलच्या १९६९ मधल्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’विषयी सगळ्यांना सगळे ठाऊक असते, म्हणून मी फक्त दोन गुपितांकडे लक्ष वेधतो. कड्याच्या टोकावर, मागे पाठलाग आणि खाली नदी असताना, आपल्याला पोहता येत नाही हे सनडान्स पहिल्यांदा सांगतो आणि बुच पोट धरून हसतो. पुढे बोलिव्हियात पगाराच्या पैशांचे रक्षण करताना लुटारूंसमोर उभे राहिल्यावर बुच कबूल करतो की आपण आजवर कोणावर गोळी झाडलेली नाही. वर्षानुवर्षे बरोबर दरोडे घालणाऱ्या दोन माणसांना एकमेकांची ही एवढी मूलभूत गोष्ट ठाऊक नव्हती.

हे मला अजिबात खोटे वाटत नाही. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि एकट्याने ती उघडत नाही. ज्यांच्याकडे दुसरी चावी होती त्या सहकाऱ्यांबरोबर मी ११ वर्षे रोज सकाळी त्या लोखंडी दारासमोर उभा राहिलो. ते कुलपात चावी घालताना किंचित उजवीकडे झुकत, हे मला आजही डोळे मिटून दिसते. त्यांना मधुमेह आहे आणि ते दुपारी इंजेक्शन घेतात हे मात्र मला आठव्या वर्षी कळले, तेही एकदा नोटा मोजताना त्यांचा हात थांबला म्हणून. त्या दिवशी त्यांची बंडले मी मोजली आणि सही त्यांनी केली. आम्ही दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. नियमाला धरून ते नव्हते, हे आता लिहायला हरकत नाही.

बुच आणि सनडान्सच्या शेवटी हीच कामाची भाषा आहे. गोळ्या संपत आल्या आहेत, काडतुसे बाहेर चौकातल्या खेचरावर आहेत, आणि कोणीतरी ती आणायची आहेत. सनडान्सचा नेम चांगला, म्हणून गोळ्या झाडत आड देण्याचे काम त्याचे आणि धावण्याचे बुचचे, असा निर्णय दोघे वाद घालत घेतात. शौर्य कोणाचे जास्त, हा मुद्दाच येत नाही. मग रक्ताळलेल्या हातांनी पिस्तुले भरत ते पुढे ऑस्ट्रेलियाला जायचे की नाही यावर भांडतात. बाहेर बोलिव्हियाचे सैन्य उभे आहे हे त्यांना दिसलेले नाही. ते दोघे बाहेर धावतात तिथे चित्र गोठते. आपल्याकडे त्या गोठलेल्या चित्राचे कौतुक तंत्र म्हणून होते. माझ्या मते दिग्दर्शकाने त्या दोघांना एकाच चौकटीत कायमचे ठेवले आहे, आणि ती चौकटही रुंद आहे, हे विसरू नये.

या चित्रपटातले गाजलेले गाणे सायकलवरच्या बुचला आणि सनडान्सच्या मैत्रिणीला, एटाला, मिळाले आहे, दोन मित्रांना नाही. मराठी प्रेक्षकाला हे चटकन जाणवायला हवे, कारण आपण ‘शोले’वर वाढलो आहोत. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चाललेला हा चित्रपट वेस्टर्नचे पुष्कळ काही देणे लागतो, पण जय-वीरूला त्याने मोटरसायकल, साइडकार आणि मैत्रीचे खणखणीत गाणे दिले. मैत्री तोंडाने सांगायची असते असा आपला समज तिथून पक्का झाला की काय, अशी मला शंका आहे. मला स्वतःला ‘शोले’तली मैत्री गाण्यापेक्षा त्या नाण्यात जास्त दिसते. दोन्ही बाजूंना एकच छाप असलेले नाणे उडवून जय पुलावर मागे थांबतो, आणि आपण आजवर कशाला फसत आलो हे वीरूला तो गेल्यावर कळते. तो क्षण थेट रिओ ब्राव्होच्या सिगारेटीच्या कुळातला आहे.

आता सभागृहातल्या हसण्याविषयी. त्या तरुण सभासदाचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. एडवर्ड डमिट्रिकचा १९५९ मधला ‘वॉरलॉक’ पाहिला तर तो प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. हेन्री फोंडाचा क्ले ब्लेझडेल हा गावोगाव भाड्याने जाणारा मार्शल आणि अँथनी क्विनचा टॉम मॉर्गन हा त्याचा लंगडा सोबती. मॉर्गन क्लेची पाठ राखतो, त्याच्यासाठी खून करतो, आणि क्ले लग्न करून स्थिरावणार म्हटल्यावर आतून कोसळतो. माझ्या पायाकडे न पाहता माझ्याकडे पाहणारा हा एकटाच माणूस, असे तो क्लेविषयी सांगतो. शेवटी तो क्लेच्याच गोळीने मरतो. क्ले त्याचे प्रेत उचलून दारूच्या गुत्त्यात नेतो, जमलेल्या गावकऱ्यांना प्रार्थनागीत म्हणायला लावतो आणि मग त्या इमारतीला आग लावतो. याला कोणी प्रेम म्हटले तर मी वाद घालणार नाही, कारण मला दुसरा शब्द सुचत नाही. १९३४ पासून १९६८ पर्यंत हॉलिवूडवर जी निर्बंधसंहिता होती, तिच्याखाली समलिंगी प्रेमाचे नाव घेणे बहुतेक काळ निषिद्ध होते, तेव्हा असे काही सांगायचे असेल तर ते आडूनच सांगावे लागे. म्हणून प्रश्न जरूर विचारावा. माझा आक्षेप हसण्याला आहे. हसल्यामुळे वॉरलॉकमधले प्रेमही बोलायचे राहते आणि राइड द हाय कंट्रीतली मैत्रीही. शिवाय त्या सभागृहात त्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आयुष्यात शोधणारा कोणी बसला असेल, तर त्याने आमच्या हसण्यातून काय घ्यायचे?

खऱ्या इतिहासात या मैत्रीची सरकारदरबारी नोंद झाल्याचेही उदाहरण आहे. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात ३० सेकंदांत सुमारे ३० गोळ्या झडल्या आणि तिघे मेले. ओ. के. कोरलची चकमक म्हणून ती ओळखली जाते. पुढच्या महिन्यात न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर झालेल्या सुनावणीत, त्या चकमकीत लढलेल्या वायट अर्पने लेखी निवेदन दिले. त्याच्या बाजूने लढलेला डॉक हॉलिडे हा क्षयाने पोखरलेला दंतवैद्य, जुगारी आणि बदनाम माणूस. त्याच्याशी मैत्री असणे खटल्यात अडचणीचे होते. तरीही अर्पने निवेदनात सांगून टाकले की मी हॉलिडेचा मित्र आहे, कारण डॉज सिटीत गुंडांनी मला घेरले असताना त्याने येऊन माझा जीव वाचवला. कारण एकच आणि तेही कामाचे. १८८२ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हॉलिडे ८ नोव्हेंबर १८८७ ला कोलोरॅडोत ३६ व्या वर्षी वारला तेव्हा अर्प जवळ नव्हता. १९९३ च्या ‘टूमस्टोन’ने त्याला मित्राच्या पलंगाशेजारी आणून बसवले आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते चूक आहे, पण मी ते माफ करतो, कारण त्याच चित्रपटात व्हॅल किल्मरच्या डॉकच्या तोंडी एक उत्तर आहे. एवढा आजारी असताना तू इथे काय करतोस, असे एक सोबती विचारतो. वायट माझा मित्र आहे, असे डॉक म्हणतो. मित्र काय, मला पुष्कळ आहेत, असे तो सोबती म्हणतो. मला नाहीत, एवढेच डॉकचे उत्तर आहे. दिग्दर्शक जॉन फोर्डने मात्र १९४६ मध्ये आपल्या चित्रपटात डॉकला चकमकीतच मारून टाकले होते, ते मला आजही पटत नाही.

या मैत्रीचे गोडवे गाताना तिची किंमत कोण मोजते हे लपवू नये. एटा त्या दोघांसाठी सगळे करायला तयार असते, पण त्यांना मरताना पाहणार नाही असे आधीच सांगून ठेवते आणि वेळ आली की निघून जाते. फार थोड्या वेस्टर्नमध्ये बाईला याहून जास्त जागा आहे. मूळ रहिवाशांच्या वाट्याला तर मैत्रीही फारशी येत नाही आणि चौकटही नाही. १९९२ च्या ‘अनफर्गिव्हन’मध्ये क्लिंट ईस्टवुडने ही बाजू थोडी उघडी केली. मॉर्गन फ्रीमनचा कृष्णवर्णीय नेड ऐनवेळी गोळी झाडू शकत नाही, परत फिरतो, आणि तरीही मित्राच्या वाट्याचे फटके त्याच्याच पाठीवर पडतात. त्याचे प्रेत गुत्त्याच्या दाराशी पेटीत उभे करून ठेवलेले असते. ती पाठ कोणत्या रंगाची आहे, हे चर्चेत बोलले गेले पाहिजे.

अलीकडच्या चित्रपटांपैकी केव्हिन कॉस्टनरच्या २००३ मधल्या ‘ओपन रेंज’मध्ये दोन गुराखी आता बहुधा मरणार म्हणून दुकानातून महागडे स्विस चॉकलेट विकत घेतात. १० वर्षे बरोबर हिंडल्यावर ते त्या वेळी पहिल्यांदा एकमेकांना आपली खरी नावे सांगतात. रॉबर्ट डुव्हालच्या राकट बॉसचे नाव ब्लूबॉनेट, म्हणजे टेक्ससमधल्या एका निळ्या रानफुलाचे, निघते. आणि २००८ च्या ‘अ‍ॅपालूसा’त बोलता बोलता शब्द अडला की एड हॅरिसचा मार्शल कोल आपल्या मदतनिसाकडे पाहतो आणि व्हिगो मॉर्टेन्सनचा हिच तो शब्द पुरवतो. हा हिच जाडजूड आठ बोअरची बंदूक घेऊन मित्राच्या पाठीमागे उभा राहतो, आणि शब्दांतही पाठ राखतो. शेवटी मित्राचा संसार टिकावा म्हणून हा शब्द पुरवणारा बिल्ला काढून ठेवतो आणि एकटा द्वंद्वाला उतरतो.

तेव्हा समित्यांकडे माझे मागणे असे की पुढच्या वर्षी वेस्टर्नचा कार्यक्रम ठरवताना घोडे आणि पिस्तुले बाजूला ठेवून केवळ जोड्यांचा एक क्रम लावावा. रिओ ब्राव्होने सुरुवात करावी, मग वॉरलॉक, मग राइड द हाय कंट्री, मग बुच कॅसिडी, आणि शेवटी ओपन रेंज. महिन्याला एक पुरे, तीन दिवसांत कोंबू नयेत. सूत्रसंचालकाने चित्रपट आधी एकदा स्वतः पाहून यावे, ही अपेक्षा फार नसावी. आणि रुंद चित्र रुंदच दाखवावे. काळ्या पट्ट्यांबद्दल कोणी ओरडले तर त्याला माझ्याकडे पाठवावे. प्रोजेक्टरच्या यादीत चित्राचे मूळ प्रमाण राखण्याचा पर्याय असतो, तो निवडायला अर्धा मिनिट पुरतो.

हे काम मी स्वतः करायला तयार आहे. पहिल्या खेळाच्या दिवशी अर्धा तास आधी येऊन मी पडद्याच्या दोन्ही कडा तपासून देईन. सभागृह तळमजल्यावर असले तर बरे होईल. दुसरी चावी ज्यांच्याकडे होती त्या सहकाऱ्यांना आता गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, आणि त्यांनी यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या, शक्यतो रांगेच्या कडेच्या, आमच्यासाठी राखून ठेवाव्यात. त्यांना मध्येच उठावे लागते.

आपला,
एक जुना सभासद